अवघड कशाला म्हणायचं?

मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला डीप ब्लूने कास्पारोव्हला ३.५-२.५ असं हरवलं. सेकंदाला सुमारे २० कोटी पटस्थिती तपासणारं यंत्र! आता माणसाच्या बुद्धीचं काही खरं नाही, असं लोक म्हणू लागले. गंमत म्हणजे, त्या यंत्राच्या खेळ्या पटावर करायला कास्पारोव्हसमोर एक माणूस बसला होता. २०१६ मध्ये सोलला अल्फागोने ली सेडोलला ४-१ ने हरवलं, तेव्हाही सोंगट्या ठेवायला माणूसच!

हान्स मोरावेक यांनी १९८८ मध्येच हे लिहून ठेवलं होतं. चेकर्ससारखे खेळ यंत्राला तुलनेने सोपे. पण वर्षाच्या पोरासारखं बघणं, चालणं, वस्तू उचलणं महाकठीण. कारण सरळ आहे. नजर आणि हात उत्क्रांतीने कोट्यवधी वर्षं घासूनपुसून तयार केलेत. गणित, तर्क वगैरे कालपरवाचं. म्हणून तर ते आपल्याला अवघड वाटतं, आणि जे अवघड वाटतं त्यालाच आपण बुद्धी म्हणतो.

आमच्याकडे भांडी घासायला मावशी येतात. साबणाच्या फेसात न बघता काचेचा ग्लास हलक्या हाताने धरतात, कढई दाबून. याला कोणी हुशारी म्हणत नाही. मी दिवसभर ज्या क्वेऱ्या आणि टेस्ट केसेस लिहितो, त्या मात्र आता यंत्र अर्ध्या मिनिटात लिहून देतं.

पगार कोणाचा जास्त, हे सांगायला नकोच. पुढच्या अप्रेझलपर्यंत हा हिशोब मॅनेजरच्या लक्षात आला नाही म्हणजे मिळवली!