थारोळ्यावर

माझ्या टेबलाच्या खणात, चित्रकलेच्या वह्यांच्या गठ्ठ्याखाली, एक कागद आठ दिवस पडून होता. कागद तसा साधाच. वर छापील मजकूर, खाली मुलीचे नाव, आणि त्याखाली एक रिकामी ओळ : 'पालकाची सही'. आयुष्यात मी सह्या काही थोड्या केलेल्या नाहीत. हजेरीपटावर केल्या, प्रगतिपुस्तकांवर केल्या, सोसायटीच्या कर्जरोख्यावर केल्या. माझ्या कादंबरीच्या पहिल्या पानावर तर कोणी न मागताही केल्या. पण ही एक सही काही केल्या हातून उतरेना.

गोष्ट गेल्या साली दसऱ्याच्या सुमाराची. आमची थोरली नगरच्या एका कॉलेजात शिकते. त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण आष्टीच्या माणसाच्या तोंडातून 'नगर' जायला अजून एखादी पिढी लागेल. २०२२ च्या सप्टेंबरात आमच्या गावाला आगगाडी आली. पिढ्यान् पिढ्या जिची वाट पाहिली ती गाडी पाहायला लोक बैलगाडीतून गेले होते. कॉलेजात थोरलीने एन. सी. सी. घेतली. परेड, बूट, खाकी गणवेश, इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. पण त्या शनिवारी ती घरात शिरली ती नाचतच.

"अण्णा, निवड झाली माझी! आग्र्याला जायचंय. विमानातून उडी मारायला!"

"विमान थांबल्यावर ना?" मी विचारले.

ती हसली, तिची आई हसली, धाकटा तर जमिनीवर लोळला. मी मात्र विनोद केला नव्हता. खरोखरच तोंडून तसे निघून गेले होते.

मग तिने सगळे समजावून सांगितले. आग्र्याला हवाई दलाची छत्रीधारी सैनिकांची प्रशिक्षणशाळा आहे. फौजेतले जवान तिथे शिकतात, आणि एन. सी. सी.तली निवडक मुले-मुलीही. आधी जमिनीवरची तालीम. पाय जुळवून, गुडघे किंचित वाकवून कसे टेकायचे आणि टेकताच कुशीवर लोळण कशी घ्यायची, हे अंगात मुरेपर्यंत गिरवून घेतात. मग विमान, आणि साधारण १२५० फुटांवरून उडी. पाठीवर मोठी छत्री, पुढच्या बाजूला दुसरी राखीव. विमानात एक पोलादी तार ताणलेली असते, छत्रीच्या दोरीचा आकडा तिला अडकवायचा. माणूस दारातून बाहेर पडला की ती दोरीच छत्री उघडते.

"म्हणजे आपण काहीच करायचं नसतं, अण्णा. नुसतं दारातून बाहेर पडायचं."

नुसतं! १२५० फूट म्हणजे किती, ते मी मनाशी मोजून पाहिले. आमच्या शेतातली विहीर पन्नास फूट खोल आहे. तशा पंचवीस विहिरी एकावर एक रचायच्या.

विहिरीचे नाव काढले की मला १९८९ सालची दिवाळीची सुट्टी आठवते. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आमच्या भागात पोहणे शिकायचा हंगाम म्हणजे दिवाळी. पाऊस बरा झाला असला तर तेव्हाच विहिरी भरलेल्या असतात. उन्हाळ्यात तळाशी चिखल आणि बेडूक. मोट जाऊन इंजिन आले होते, पण मोटेचे थारोळे तसेच शाबूत होते. त्या दगडी थारोळ्यावरून खाली मुटका मारायचा. ज्याने मारला तो मोठा झाला, ज्याने मारला नाही तो आईच्या पदराखालचा. परीक्षा इतकी सोपी होती.

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला. स्वतः पायऱ्यांनी खाली उतरले, गळ्याइतक्या पाण्यात गेले आणि हात वर पसरून म्हणाले, "मार उडी. मी हाय खाली."

मी थारोळ्याच्या कडेला उभा राहिलो. खाली पाणी हिरवेगार होते, आणि त्यात दादांचे डोके एवढेसे, नारळासारखे दिसत होते. माझ्या तोंडाला कोरड पडली, पोटऱ्या लटलट कापू लागल्या. बरोबरीची पोरे मागून ओरडत होती. दहा मिनिटे मी तसाच उभा होतो. मग मागे वळलो आणि पाठीवरचा डबा वाजवीत घरी पळालो. त्या डब्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. दादा मागाहून आले. काही बोलले नाहीत. अंग पुसलेला पंचा दोरीवर टाकला आणि जेवायला बसले. त्या दिवशीच काय, मरेपर्यंत त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मी पुढे पोहायला शिकलो नाही. माझ्या एका कादंबरीचा नायक मात्र किल्ल्याच्या कड्यावरून नदीत उडी घेतो. लेखक होण्याचा हा एक फायदा आहे.

थोरलीची गोष्ट वेगळी. ती नऊ वर्षांची असताना त्याच थारोळ्यावरून, डबा न बांधता, चुलतभावाच्या मागोमाग तिने उडी मारली. मला ते दुसऱ्या दिवशी कळले, आणि तेही तिच्या ओल्या परकरावरून.

तर ते आठ दिवस मी काय केले? सही सोडून सगळे केले. मॅट्रिकपुरते शिक्षण आणि वर चित्रकलेची परीक्षा, एवढीच माझी विद्या. पण वाचनाची खोड जुनी. हवाई छत्रीविषयी मिळेल ते वाचले. लिओनार्दो दा व्हिंचीने छत्रीचे चित्र काढून ठेवले होते, हे चित्रकलेचा मास्तर म्हणून मला ठाऊक होते. आमची ही चित्रकारांची जातच तशी! चित्र काढून मोकळे व्हायचे, उडी दुसऱ्याने मारायची. ती मारली आंद्रे गार्नेरॅं या फ्रेंच माणसाने, २२ ऑक्टोबर १७९७ रोजी, पॅरिसमध्ये, सुमारे तीन हजार फुटांवर गेलेल्या फुग्यातून. छत्रीला वर भोक नव्हते. कोंडलेली हवा कडेने निसटू लागली आणि झोळी लंबकासारखी हेलकावत खाली आली. दोनच वर्षांनी जान लाब्रॉस या बाईने तशीच उडी घेतली. पुढे ती त्याची बायको झाली. आपल्याकडे गीता चंदा या हवाई दलातल्या डॉक्टर बाईंनी १७ जुलै १९५९ रोजी पहिली उडी घेतली. भारतीय स्त्रियांत त्या पहिल्या. आणि ११ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी बांगलादेशात टांगाईलवर जी दुसरी पॅरा पलटण उतरली आणि जिने पुंगलीचा पूल काबीज केला, ती मूळची मराठा पलटण. पाचच दिवसांनी ढाका पडले.

थोरलीच्या खोलीत भिंतीवर एक कात्रण चिकटवलेले आहे. पुण्याच्या शीतल महाजन यांचे. २०१८ साली थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून विमानातून उडी घेतली, त्या वेळचे ते चित्र. पण मला त्या चित्रापेक्षा त्यांची पहिली उडी अधिक विलक्षण वाटते. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी आयुष्यातली पहिलीच उडी घेतली ती थेट उत्तर ध्रुवावर, २४०० फुटांवरून. थंडी शून्याखाली ३७ अंश. दोन वर्षांनी दक्षिण ध्रुवही गाठला. २०११ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्यांच्याही घरी कोणाची सही अडली असेल का, असा एक चोरटा विचार माझ्या मनात येऊन गेला.

सर्वांत उपयोगाची गोष्ट सापडली ती मात्र भलत्याच ठिकाणी. अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात फेन्झ आणि एपस्टाइन या दोन मानसशास्त्रज्ञांनी छत्रीने उड्या मारणाऱ्यांच्या छातीचे ठोके, श्वास आणि तळहाताचा घाम मोजला. नवख्याची भीती उडीच्या क्षणापर्यंत चढतच जाते. मुरलेला माणूस भीतच नसेल, असे आपल्याला वाटते. पण तसे नाही. तोही भितो. फक्त त्याची भीती आधी येते, शिखर गाठते, आणि दारापाशी पोहोचेपर्यंत उतरणीला लागलेली असते. म्हणजे धीट माणूस भीती टाळत नाही. तो ती आधी भिऊन घेतो. दिवाळीचा फराळ जसा सणाआधी करून ठेवायचा, तसेच हे.

हे वाचून मला फार शहाणपण आल्यासारखे वाटले. तरी कागद खणातच होता.

नवव्या दिवशी शाळा सुटताना वर्गातल्या एका मुलीची आई आली. आमच्या तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास घरेच्या घरे ऊसतोडीला जातात. उचल आधीच घेतलेली असते. मुकादमाची गाडी आली की निघायचे. मागे राहतात म्हातारी माणसे आणि पोरे. या बाईंनी मुलीला या वेळी बरोबर न नेता गावात, हंगामी वसतिगृहाच्या आधाराने, आजीजवळ ठेवायचे ठरवले होते. त्यासाठी संमतीचा कागद हवा होता. मी तो पुढे केला आणि सवयीने शाईचा पॅड उघडला.

"सही येती मला, गुरुजी," त्या म्हणाल्या.

पेन हातात घेऊन त्या थोड्या थांबल्या. हात कापत होता. मुलगी दाराशी उभी राहून आईकडे बघत होती.

"भ्या वाटतंय का?" मी विचारले.

"वाटतंय की. सा महिने लेकरू दिसायचं न्हाई. पर तिला कसं कळू द्यावं?" असे म्हणून त्यांनी एक एक अक्षर कोरून सही केली, आणि वळून मुलीकडे पाहून हसल्या. इतक्या मोकळेपणी हसल्या, की ती मुलगीही हसली.

घरी येताना मला एकाएकी विहिरीतले दादा दिसले. पस्तीस वर्षे मी समजत आलो होतो की त्या दिवशी भ्यालो तो मी एकटाच. थारोळ्यावर उभ्या असलेल्या पोराची भीती मी इतक्या वेळा आठवली, पण खाली थंड पाण्यात दहा मिनिटे हात वर पसरून उभ्या असलेल्या माणसाच्या मनात काय चालले असेल, हे कधी मनातही आले नाही. पोर कडेला आपटले तर? डबा सुटला तर? आपल्या हातून निसटले तर? तेही भीत असणार. पण 'मी हाय खाली' म्हणताना त्यांचा आवाज हलला नव्हता. आपली भीती त्यांनी पायऱ्या उतरतानाच उरकून घेतली होती. मी पळालो यावर ते रागावले नाहीत, कारण भीती म्हणजे काय ते त्यांना माहीत होते.

घरी येऊन मी खण उघडला, वह्या बाजूला केल्या आणि सही केली. थोरली बघत होती. "वळणदार झालीय, अण्णा," ती म्हणाली. चित्रकलेच्या मास्तराला एवढे तरी जमलेच पाहिजे.

ती हिवाळ्यात आग्र्याला गेली. तालीम संपली, उडीचा दिवस ठरला. त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली ती उशिरा. दुपारी फोन आला : धुके आहे, उडी रद्द. दुसऱ्या दिवशी वारा जास्त, पुन्हा रद्द. मी आणि हिने दोन दिवसांत इतकी भीती भिऊन घेतली, की तिसऱ्या दिवशी शिल्लकच राहिली नाही. त्या दिवशी मी शाळेत पाचवीच्या वर्गाला फळ्यावर हवाई छत्री काढून दाखवत होतो. फोन वाजला.

"अण्णा, झाली!"

मलपुऱ्याच्या माळावर ती उतरली होती. धापा टाकत सांगत होती. दाराशी गेल्यावर वाऱ्याचा असा आवाज, की आपले मनसुद्धा ऐकू येत नाही. पाय जड झाले होते. पाठीवर थाप पडली आणि ती बाहेर. तीन-चार क्षण नुसती घुसळण, मग एक हिसका. वर पाहिले तर छत्री फुललेली, आणि सगळीकडे इतकी शांतता की खालच्या शेतातले कुत्रे भुंकलेले ऐकू आले.

"भीती वाटली का ग?"

"दारात खूप वाटली. मग आपली विहीर आठवली."

मला काही बोलता आले नाही. वर्गातली मुले माझ्याकडे पाहत होती. मी फळ्याकडे तोंड करून छत्रीच्या दोऱ्या उगीचच गिरवीत राहिलो.

यंदा आमची विहीर भरली आहे. थारोळ्यावरून वाकले तर पाणी हाताला लागेल असे वाटते, वाटते एवढेच. थोरली सुट्टीला येणार आहे. तिने पत्रात एकच ओळ लिहिली आहे, आणि तेव्हापासून धाकटा मला पाहून हसतो.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान होऊन तुम्ही फराळाला बसलेले असाल. माझे यंदाचे अभ्यंगस्नान विहिरीत व्हायचे आहे. तेलाचा एक रिकामा डबा मी घासून, उन्हात वाळवून ठेवला आहे. सध्या रोज रात्री अंथरुणावर पडलो की थोडी थोडी भीती भिऊन घेतो. चतुर्दशीपर्यंत ती संपेल असा अंदाज आहे. नाहीच संपली, तरी हरकत नाही. पत्रातली ती ओळ मी पाकिटात जपून ठेवली आहे :

'अण्णा, मी हाय खाली.'