दिवेआगरची रात्र

मैत्रिणींनो, माघात दिवेआगरला गेलात तर रात्री समुद्राकडे पाठ करून वाळूवर बसा. सुरूच्या बनावर पुष्य नक्षत्र दिसेल. गुरुपुष्याला आपण सोनं घेतो ना, तेच! त्याच्याजवळ ओजे २८७ ही दीर्घिका आहे, पण नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. तिच्या पोटात प्रचंड कृष्णविवर आहे आणि त्याभोवती तापलेल्या वायूची तबकडी. दुसरं, लहान कृष्णविवर १२ वर्षांच्या फेरीत ती दोनदा भेदतं, म्हणून दीर्घिका एकदम उजळते, असं काही शास्त्रज्ञ मानतात. त्यांच्या गणिताप्रमाणे ३१ जुलै २०१९ ला ती खरंच उजळली. ऑक्टोबर २०२२ ची झळाळी मात्र दिसलीच नाही!

गणित चुकलं की रडणाऱ्या माझ्या धाकटीनं विचारलं, “मग ते रडले?”

“नाही गं, पुन्हा मांडलं.”

घरी आल्यावर तिनं आपणहून वही काढली.