आधी रेघ ओढावी

मोडी लिपी शिकायची, हे घरातल्या जुन्या दस्तांची पिशवी हाती आली तेव्हाच ठरलं होतं. पण आधी चांगला बोरू हवा, मग जाड कागद, मग म्हटलं गुढीपाडव्यापासून सुरुवात करू. पाडव्याला पाहुणे आले. माझी टाळाटाळ अशी नेटकेपणाचा झब्बा घालून फिरते, त्यामुळे ती मलाही ओळखू येत नाही. ‘करायचं तर नीट करू’ हे ऐकायला किती भारदस्त वाटतं! त्याआड भीती एवढीच, की पहिलं पान गचाळ निघेल.

आज पाठकोऱ्या कागदावर बॉलपेन घेऊनच बसले. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि अक्षरं तिच्याखाली लिहीत जातात. हात शक्यतो उचलायचा नाही. ह्रस्व-दीर्घाची फारशी चिकित्सा नाही, दोन शब्दांत मोकळी जागाही नाही. कारकुनाला मजकूर झरझर उतरवायचा असे. या घाईच्या लिपीत मराठेशाहीचा कारभार चालला. पुण्याच्या पेशवे दफ्तरात त्या कागदांचे रुमाल आजही जपलेले आहेत.

माझा ‘क’ वाकडा आला, ‘ल’ तर भलताच काहीतरी झाला. तरी मागे जाऊन गिरवलं नाही, ओळ पुरी केली. अख्खा दस्त वाचायला बराच काळ लागेल. पण मोडीचा कित्ता शेजारी ठेवून दस्तातलं आजोबांच्या गावाचं नाव मात्र लागलं. उद्या पुढची अक्षरं. पाहुणे आलेच, तर त्यांच्यासमोर.