दोन इंचांची गादी

आम्ही अंबत्तूरला राहतो, आणि येथे राहावयाचे म्हणजे आगगाडीच्या सोबतीने राहावयाचे. मुंबईच्या गाड्या अरकोणमवरून याच वाटेने चेन्नईत शिरतात. (आमच्या जिभेवर ते अजून मद्रासच आहे.) १९५५ साली पंडित नेहरूंनी उद्घाटन केलेला पेरांबूरचा डब्यांचा कारखानाही याच मार्गावर, जवळच आहे.

नोकरीपायी परमुलखात पडलेल्या आम्हां मंडळींचे मंत्र्यांशी नाते असते ते बहुधा बदलीच्या हुकमापुरते. मधु दंडवते यांच्याशी मात्र ते पाठीच्या कण्यातून जडले आहे. १९७४ साली रेल्वेचा तिसरा वर्ग नावाने गेला. निजावयाची लाकडी फळी मात्र होती तशीच राहिली. मार्च १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झालेल्या दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंच फोम घालण्याचे ठरविले. पहिल्या वर्गाला खाली ओढावयाचे नाही, दुसऱ्याला वर उचलावयाचे, असा त्यांचा समाजवाद होता. त्याच डिसेंबरात मुंबई-हावडा मार्गावर निघालेल्या गीतांजली एक्स्प्रेसला तर वरचा वर्गच नव्हता. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेले कामगारही त्यांच्याच कारकीर्दीत कामावर परत आले. एकदा बंद झालेली फाईल पुन्हा उघडणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको.

माणूस मूळचा अहमदनगरचा, जन्म १९२४ चा. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात ते होते. आणीबाणीत ते बंगलोरच्या तुरुंगात आणि पत्नी प्रमिलाबाई येरवड्यात, असा संसार झाला. नाथ पै यांच्या निधनानंतर १९७१ साली राजापूरने त्यांना लोकसभेत धाडले, ते लागोपाठ पाच वेळा. १९८४ च्या प्रचंड लाटेतही राजापूर हलले नाही.

कोकणात रेल्वे नेण्याचा ध्यास त्यांनी वर्षानुवर्षे धरला होता. १९९० साली कोकण रेल्वेचे महामंडळ स्थापन झाले तेव्हा रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस होते आणि अर्थमंत्री स्वतः दंडवते. दुसऱ्याच वर्षी, १९९१ च्या निवडणुकीत, राजापूरने त्यांना पाडले!

आमच्या येथील कोकणी स्नेह्यांत यावरून अजून वाद होतो. कोणी पक्षाला दोष देतो, कोणी मतदाराला. आम्हांस मतदाराला कृतघ्न म्हणवत नाही. रात्रभर त्या गादीवर सुखाने निजणाऱ्या किती प्रवाशांना ती कोणी घातली हे ठाऊक असते? घालणाऱ्यानेही तिच्यावर आपले नाव विणून घेतले नव्हते. पुढे ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. पण पराभवानंतर कोकणावर रुसल्याचे आमच्या ऐकिवात नाही. १९९८ साली कोकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाली, ती त्यांना पाहावयास मिळाली.

१२ नोव्हेंबर २००५ रोजी ते मुंबईत निवर्तले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह जे. जे. रुग्णालयास देण्यात आला.