कनेक्टेड आहे, पण चालत नाही

"नांदेडला व्हीपीएन चालत नाही." हे वाक्य मी गेल्या पाच-सहा वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय की आता तो एक स्वतंत्र रोगच मानायला हरकत नाही. कधी नांदेडच्या जागी लातूर असतं, कधी परभणी, कधी उदगीर. म्हणणारा पुण्यातला मॅनेजर असतो, नाहीतर हेल्पडेस्कवरचा पोरगा. ऐकणारा असतो गावी राहून काम करू पाहणारा कोणीतरी इंजिनिअर. अर्थ एकच निघतो: बॅग भर आणि परत ये.

तर मंडळी, या वीकांताला त्याबद्दलच लिहितोय. विषय जरा तांत्रिक आहे, पण ज्यांच्यासाठी राउटर म्हणजे टीव्हीशेजारचा लुकलुकणारा डबा, त्यांनीही घाबरू नये. बेरीज-वजाबाकीच्या पुढे काही नाही.

आधी थोडं मागे जाऊ. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला तेव्हा पुण्या-मुंबईतली कितीतरी पोरं लॅपटॉप घेऊन मराठवाड्यात परतली. त्याआधी बीपीओ आणि तत्सम सेवांना घरून काम करून घ्यायचं तर दूरसंचार विभागाचे बरेच जाचक नियम होते. ते त्याच महिन्यात तात्पुरते सैल झाले आणि ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी त्यातल्या बहुतेक अटी काढूनच टाकल्या. म्हणजे कागदावर गाव आणि ऑफिस यांच्यामधली भिंत पडली. उरला तो राउटर.

आता गोष्ट माझ्या मावसभावाची. नोकरी पुण्यात, घर नांदेडला तरोडा नाक्याकडे. काकांचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोन खेपा. न्यायचं, चार तास बसायचं, आणायचं. मावशी एकटी किती धावणार? याने तीन महिने घरून काम करायची परवानगी काढली. दुसऱ्याच आठवड्यात मॅनेजरचा मेल आला की सोमवारपर्यंत नेटचं काय ते बघ, नाहीतर ऑफिसला ये. शुक्रवारी रात्री मला फोन: "दादा, कनेक्ट होलालंय, पण काहीच उघडेना गेलंय."

तोवर त्याने सगळे रीतसर उपाय करून झाले होते. राउटर बंद-चालू. व्हीपीएनचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकणं. केबलवाल्याला फोन. केबलवाला म्हणाला, "भाऊ, स्पीड टेस्ट मारून बघा, शंभर येतंय ना? मग आमच्याकडून ओक्के आहे." हेल्पडेस्क म्हणालं, आमच्याकडे तू कनेक्टेड दिसतोयस, मग आमच्याकडूनही ओके आहे. दोघांचे दिवे हिरवे आणि मधला माणूस अंधारात.

अशा वेळी मी पहिला प्रश्न विचारतो तो डॉक्टरांचा: नक्की कुठे दुखतंय? "चालत नाही" हे उत्तर मी घेत नाही. काय चालतं आणि काय नाही, याची यादी दे म्हटलं. यादी अशी आली. चॅटचे मेसेज जातात. मेलची यादी दिसते, पण अटॅचमेंट उघडत नाही. ऑफिसची साधी पानं येतात, मोठी अर्ध्यावर अडकतात. कोड उतरवायला घेतला की काही टक्क्यांवर फ्रीज. रिमोट डेस्कटॉपचा नुसता काळा पडदा. यादी वाचून दाखवतानाच त्याच्या लक्षात आलं, की लहान माल जातोय आणि मोठा अडतोय.

दुसरी पायरी, मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघ. लावला, आणि सगळं धडाधड उघडलं. म्हणजे लॅपटॉप, पासवर्ड, ऑफिसचा सर्व्हर हे तिघेही निर्दोष. दोष घरच्या लायनीत. (मग हॉटस्पॉटवरच का नाही काम करायचं? कारण रोजचा दोन जीबीचा कोटा त्याच्या कामात जेवणाच्या सुट्टीपर्यंतही टिकत नाही.)

आता थोडं गणित. इथरनेटवर एका पॅकेटचा आकार जास्तीत जास्त १५०० बाइट. या मर्यादेला एमटीयू म्हणतात. आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती ब्रॉडबँडमध्ये राउटर युजरनेम-पासवर्ड देऊन लॉगिन करतो. त्या पद्धतीचं नाव पीपीपीओई, आणि ती स्वतःसाठी ८ बाइट ठेवून घेते. उरले १४९२. त्यात व्हीपीएन म्हणजे पाकिटात पाकीट. आपलं पत्र कुलूप लावून दुसऱ्या पाकिटात घालायचं, वर ऑफिसचा पत्ता. या बाहेरच्या पाकिटाचे आणखी ६० ते ८० बाइट. टपालपेटीची फट मात्र तेवढीच.

पॅकेट मोठं झालं तर वाटेतल्या राउटरने ते फोडून पुढे पाठवावं. फोडायला मनाई असेल तर उलट निरोप द्यावा, की बाबा, इथे एवढंच मावतं, लहान करून पाठव. पण बरेच लोक सुरक्षेच्या नावाखाली हे निरोपच अडवून ठेवतात. मग मोठं पॅकेट गुपचूप गायब होतं आणि पाठवणारा वाट बघत बसतो. याला ब्लॅक होल असं भारदस्त नाव आहे. रोगही जुना आहे. सन २००० मध्येच इंटरनेटच्या मानकांच्या मालिकेत त्यावर एक अख्खा दस्तऐवज निघाला होता.

मग स्पीड टेस्ट कशी काय पास होते? गंमत इथेच आहे. साध्या वेबसाठी, स्पीड टेस्टसाठी बहुधा टीसीपी वापरतात. त्यात संभाषण सुरू होताना दोन्ही टोकं आपापला आकार सांगतात, आणि ऑपरेटरची यंत्रणा मध्येच तो आकडा गुपचूप कमी करून टाकते. त्यामुळे तिथे मोठं पॅकेट तयारच होत नाही. व्हीपीएनचं बाहेरचं पाकीट बहुतेक वेळा यूडीपीचं असतं. त्याला ही सवलत नाही. म्हणजे केबलवाला खोटं बोलत नव्हता आणि भाऊसुद्धा नाही. दोघे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते.

शनिवारी सकाळी फोनवरच मोजायला बसलो. विंडोजवर पिंग नावाची कमांड असते. तिला दोन खुणा द्यायच्या, एक "फोडू नकोस" आणि दुसरी "एवढे बाइट पाठव". व्हीपीएन बंद ठेवून कंपनीच्या व्हीपीएन सर्व्हरच्या पत्त्यावरच पिंग मारलं. आपण दिलेल्या आकड्यात वरचे २८ बाइट मिळवायचे, म्हणजे १४७२ दिले की १५०० होतात. १४७२ ला घरच्या राउटरनेच उत्तर दिलं की फोडावं लागेल. बरोबर, तसंच व्हायला हवं. १४६४, म्हणजे एकूण १४९२. हे जायला हवं होतं. पण नुसतीच शांतता, टाइम आउट. तेच मी पुण्याहून माझ्या घरून केलं तर आरामात गेलं. म्हणजे कंपनीचं दार पुरेसं रुंद आहे, मधेच कुठेतरी चिंचोळी गल्ली आहे. मग अर्धं-अर्धं करत गेलो. १४०० जातं, १४३० नाही. १४१५ नाही, १४१० जातं. शेवटी १४१२ जातं आणि १४१३ नाही. अधिक २८, म्हणजे १४४०. केबलवाल्याच्या पुढे कुठेतरी आणखी एक बोगदा आहे, तो ५२ बाइट खातोय आणि कोणाला सांगत नाहीये.

वेळ लागला वीस मिनिटं. मग भावाने हेल्पडेस्कला चार ओळींचा मेल लिहिला. नांदेडहून १४१२ जातं, १४१३ नाही. पुण्याहून १४६४ जातं. हॉटस्पॉटवर सगळं चालतं. कृपया माझ्या व्हीपीएनचा एमटीयू १३०० करून द्या. "गावाकडे नेट स्लो आहे" या तक्रारीला दोन आठवडे उत्तर नव्हतं. या मेलला अर्ध्या तासात आलं. तिथल्या पोराने सेटिंग बदललं, आणि सोमवारी सकाळी कोड पूर्ण उतरला. केबलवाल्याकडची ती चिंचोळी गल्ली अजून तशीच असेल, आपण फक्त गाडी लहान केली. भाऊ नांदेडलाच राहिला. मंगळवारी काकांना घेऊन गेला तेव्हा लॅपटॉप बॅगेत होता.

आता पुढचं. त्याच कंपनीतली त्याची एक सहकारी लातूरला औसा रोडला राहते. तिचंही तेच, व्हीपीएन चालत नाही. भावाने उत्साहाने तिला १३०० चं औषध सांगितलं. काही फरक नाही. यादी मागवली तर तिचं चित्रच वेगळं: मोठी पानंही उघडतात, अटॅचमेंटही येते, फक्त एक ठरावीक फाइल सर्व्हर सापडत नाही. त्याचा पत्ता १९२.१६८.१ पासून सुरू होणारा. आणि तिच्या घरच्या राउटरचा पत्ता? तोही १९२.१६८.१ पासूनच.

खासगी वापरासाठीचे हे पत्ते १९९४ मध्ये राखून ठेवले गेले. १९२.१६८ या एकाच गटात ६५,५३६ पत्ते आहेत. पण राउटर बनवणारे जवळजवळ सगळे त्यातले तेच ते दोन कोपरे उचलतात, शून्याचा नाहीतर एकचा. शिवाजीनगर पुण्यातही आहे आणि नांदेडातही. गावाचं नाव न घालता नुसतं "शिवाजीनगर" सांगितलं तर नांदेडचा रिक्षावाला नांदेडच्याच शिवाजीनगरला नेणार ना? तिचा लॅपटॉप ऑफिसचा सर्व्हर घरातच, टीव्ही आणि प्रिंटरच्या मध्ये शोधत होता. राउटरच्या सेटिंगमध्ये एकच्या जागी ७७ केलं, राउटर पुन्हा सुरू केला, झालं. दोन मिनिटं.

तक्रारीचे शब्द तेच, रोग वेगळा, औषधही वेगळं. म्हणूनच "व्हीपीएन चालत नाही" ऐकून कोणी लगेच उपाय सांगायला लागला की मला जरा शंका येते.

तिसरा नेहमीचा पेशंट म्हणजे चहाला जाऊन आलो की व्हीपीएन मेलेलं. आशिया-पॅसिफिक विभागातला जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या गठ्ठ्यावर आला. त्यामुळे ऑपरेटर आता अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात. त्यासाठी २०१२ मध्ये सुमारे ४२ लाख पत्त्यांचा एक गट राखून ठेवला गेला. तुमच्या राउटरच्या वॅन पत्त्याची सुरुवात १००.६४ ते १००.१२७ मधली असेल तर तुम्ही त्याच चाळीत राहता. चाळीच्या दारावरचा रखवालदार कोण कुठे बोलतंय ते वहीत लिहितो, आणि थोडा वेळ कोणी बोललं नाही की नाव खोडतो. उपाय सोपा: व्हीपीएनने दर वीस-पंचवीस सेकंदांनी उगाच एक "हं" म्हणायचं. याला कीप-अलाइव्ह म्हणतात आणि बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते. यासाठी दरमहा पैसे मोजून स्टॅटिक आयपी घ्यायची गरज सहसा नसते. तो लागतो बाहेरून घरात शिरायचं असेल तर. आपण घरातून बाहेर जातोय.

राहता राहिला अंतराचा मुद्दा. "एवढ्या लांबून कसं चालणार?" प्रकाश फायबरमधून एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. नांदेड ते पुणे रस्त्याने साडेचारशेच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन पाच मिलिसेकंदांच्या आतलं काम. प्रत्यक्षात वाट वाकडी असते, भावाच्या घरून चाळीसच्या आसपास येत होते. त्यात कोड लिहिता येतो, मीटिंग होते, सगळं होतं. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून लागतो तो वेळ वेगळा.

आता कोणी म्हणेल, गावाकडे नेट खरंच खराब असतं की! असतं ना. रस्ता खोदताना जेसीबी केबल तोडतो, वीज गेली की घरचा इन्व्हर्टर राउटर चालू ठेवतो पण गल्लीतला केबलवाल्याचा डबा झोपतो. तेव्हा हॉटस्पॉट हाच देव. पण तो रोग आणि हा रोग यातला फरक मोजल्याशिवाय कळत नाही. आणि न मोजता त्याला "मराठवाडा" असं नाव दिलं की कोणालाच काही करावं लागत नाही. फक्त एका माणसाला घर सोडावं लागतं.

असो. गावी जाऊन काम करणार असाल तर पहिल्याच दिवशी, सगळं नीट चालू असतानाच, चार गोष्टी एका चिठ्ठीवर लिहून राउटरच्या मागे चिकटवा: पिंगमध्ये जाणारा सर्वात मोठा आकडा, घरच्या राउटरचा पत्ता, वॅनचा पत्ता, आणि ऑफिसच्या सर्व्हरला लागणारे मिलिसेकंद. गॅसचा ग्राहक क्रमांक आई कपाटाच्या दाराआड लिहून ठेवते ना, तसं. बिघडेल तेव्हा आधी यादी, मग हॉटस्पॉट, मग चिठ्ठीशी ताडून बघायचं, आणि फोन त्याच्यानंतर.

तूर्तास इतकंच. कोणाला मोजताना अडलं तर आकड्यांसकट विचारा :-)