शाळेच्या आवारातला दंतदवाखाना

वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास मुलाच्या दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ उगवते. कुठलाच दात पाडून ती येत नाही, त्यामुळे घरात कुणाच्या ध्यानात येत नाही. आली तरी 'दुधाचीच आहे' म्हणून सोडून दिली जाते. खरं तर ती कायमची असते. तिच्या माथ्यावर खोल, अरुंद खाचा असतात, त्यांत अन्न अडकतं आणि कीड लागते. दाढ ठणकू लागते तेव्हा कीड आतल्या नसेपर्यंत पोचलेली असते. म्हणजे दुखेपर्यंत थांबलो की साध्या भरणाची वेळ टळलेली असते. सार्वजनिक दंतआरोग्य हा माझा विषय. दुखणं येण्याआधी मुलापर्यंत पोचायचं कसं, हा त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रश्न आहे.

या प्रश्नाला विसाव्या शतकात सर्वांत धाडसी उत्तर न्यूझीलंडनं दिलं. पहिल्या महायुद्धात भरतीला आलेल्या तरुणांचे दात पाहून तिथलं सरकार हादरलं. सैन्याच्या दंतपथकाचे प्रमुख थॉमस हंटर यांना पक्कं कळलं होतं की देशभरच्या मुलांना पुरतील एवढे दंतवैद्य कधीच मिळणार नाहीत. म्हणून 1921 मध्ये वेलिंग्टनला तरुण मुलींना फक्त मुलांच्या दातांचं काम शिकवायला सुरुवात झाली. शिक्षण दोन वर्षांचं. तपासणं, कीड कोरून भरण करणं, दुधाचे दात काढणं आणि घासायला शिकवणं, एवढंच त्यांचं काम. त्यापलीकडचं काही आढळलं तर मूल दंतवैद्याकडे पाठवायचं. अर्धशिक्षित हातात मुलांचे दात देऊ नयेत, असा काही दंतवैद्यांचा आक्षेप होता. तरीही योजना उभी राहिली आणि पुढे विसाव्या शतकाच्या मध्यावर देशभर पसरली. 1940 मध्ये वेलिंग्टनच्या विलिस स्ट्रीटवर प्रशिक्षणासाठी मोठा दवाखाना उघडला. 1950 च्या दशकात ऑकलंड आणि क्राइस्टचर्चलाही प्रशिक्षण सुरू झालं.

योजनेचं बळ तिच्या मांडणीत होतं. दवाखाना शाळेच्या आवारातच असे. अशा शिकलेल्या एका दंतपरिचारिकेकडे साधारण 500 मुलं. दर सहा महिन्यांनी प्रत्येक मुलाला वर्गातून बोलवायचं, दुखत असो वा नसो. आईबापांचा रोज बुडत नाही, गाडीभाडं लागत नाही, आणि सापडलेली कीड त्याच खुर्चीवर भरली जाते. तपासणी आणि उपचार यांच्यात अंतरच उरत नाही.

जगाचं लक्ष तिकडे गेलं. 1949 मध्ये मलायातल्या पेनांगला अशाच परिचारिकांची शाळा निघाली. त्याच सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सनं अशाच प्रयोगाला कायद्यानं परवानगी दिली आणि दंतवैद्यांच्या विरोधापुढे 1950 मध्ये मागेही घेतली. 1951 मध्ये जॉन फुल्टन यांचा न्यूझीलंडच्या कामावरचा अहवाल जागतिक आरोग्य संघटनेनं छापला. ब्रिटननं 1960 मध्ये लंडनच्या न्यू क्रॉसला प्रशिक्षण सुरू केलं.

या योजनेला दुसरी बाजूही होती. न्यूझीलंडची मुलं शाळेतल्या दवाखान्याला 'मर्डर हाउस' म्हणत. कित्येक वर्षं ड्रिल पायानं चालवायचं होतं. ते हळू फिरे, दात तापे, आणि भरण बहुधा सुन्न न करताच होई. अमाल्गम, म्हणजे आपल्याकडे लोक ज्याला 'चांदी' म्हणतात ते, परिचारिका हातानं घोटत. त्यातल्या पाऱ्याचा धोका त्यांनी सोसला. शंकास्पद खाचही कोरून भरायची, हा त्या काळचा रिवाज होता. त्यामुळे पिढ्यान् पिढ्यांची तोंडं भरणांनी भरली. मुलांच्या खाण्यातली साखर मात्र तशीच राहिली. भरणानं झालेलं नुकसान सावरतं, कीड थांबत नाही. 1954 मध्ये तिथल्या हेस्टिंग्ज शहराच्या पाण्यात कीड रोखण्यासाठी फ्लोराइड मिसळलं गेलं, तेव्हा कुठे प्रतिबंधाला स्वतंत्र स्थान मिळू लागलं.

भारतात 1948 च्या दंतवैद्य कायद्यानं तीन वर्ग मानले: दंतवैद्य, दात साफ करणारे हायजिनिस्ट आणि कवळ्या बनवणारे मेकॅनिक. मुलांच्या दातांवर उपचार करणाऱ्या परिचारिकेला त्यात जागा नव्हती. आपण तपासणीवर भर देत आलो. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथकं शाळांत जातात, किडलेले दातही नोंदवतात आणि मुलाला पुढे पाठवतात. ही पथकं मनापासून राबताना मी पाहिली आहेत. पण ऊसतोड मजुराच्या मुलीला तालुक्याला नेणार कोण? चिठ्ठी दप्तरात राहते आणि दाढ जाते.

आज हे काम मुलाला न रडवता करता येतं. 1980 च्या दशकात टांझानियात विकसित झालेल्या पद्धतीत हाताच्या अवजारांनी मऊ कीड खरवडतात आणि ग्लास आयनोमर सिमेंट भरतात. वीज लागत नाही, ड्रिल लागत नाही. तेच सिमेंट सहा वर्षांच्या दाढेच्या खाचांवर लावलं तर कीड बरीच रोखता येते. पाण्यात फ्लोराइड मिसळण्याचा मार्ग आपल्याला सरसकट चालणार नाही, कारण यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत ते आधीच जास्त आहे. फ्लोराइडची टूथपेस्ट आणि वर्षातून दोनदा दातांवर लावायचं व्हार्निश, हे आपल्या हातात आहे.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एवढ्याच कामाचं शिक्षण घेतलेली एक व्यक्ती दंतवैद्याच्या देखरेखीखाली असावी. तिनं जिल्हा परिषदेच्या शाळांत दर सहा महिन्यांनी जावं, ठणक्याची वाट न पाहता, आणि जे सापडेल त्यावर तिथेच उपचार करावेत. त्यासाठी कायद्यात बदल लागेल. दंतवैद्यांनी, म्हणजे आम्हीच, तो मागितला पाहिजे, कारण मुलांच्या तोंडात जागच्या जागी करता येण्याजोगं जे काम आज पडून आहे, ते एकट्या दंतवैद्यांच्या हातून कधीच पुरं होणार नाही.