अजिंठ्याची पुसलेली चित्रे

वाघूर नदीच्या वळणावर, घोड्याच्या नालेप्रमाणे वाकलेल्या कड्यात अजिंठ्याची लेणी कोरली आहेत. तेथील भित्तिचित्रांच्या मेजर गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक भस्मसात झाल्या. त्या परत मिळणे नव्हते. आपण तेथे घेतलेली छायाचित्रे चुकून पुसली गेली, तर मात्र हताश होऊ नये. पुसल्याने सहसा मेमरी कार्डावरील नोंद तेवढी जाते. त्या जागी नवे चित्र उमटेपर्यंत जुने टिकून असते. म्हणून ते कार्ड तत्काळ काढून ठेवावे. पुढे वेरूळ पाहावयाचे असल्यास दुसरे कार्ड वापरावे. घरी संगणकावर पुनःप्राप्तीच्या सॉफ्टवेअरने शोध घ्यावा व गवसलेली चित्रे त्या कार्डावर न ठेवता संगणकातच साठवावीत.